खेळाडूवर रोखलेली दृष्टी : क्रीडानियंत्रणातील कॅमेरा

व्हिडिओ गेममधील बटण हे निःसंदिग्ध साधन होय. ते दाबले जाते वा जात नाही. कॅमेऱ्यास मात्र प्रतिमेवरून हेतूचे अनुमान करावे लागते. या अनुमानाची कक्षा विस्तारत गेली, तसतसा खेळाडू यंत्रास अधिकाधिक दिसू लागला, हे या साधनाच्या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

१९७० नंतरच्या दशकात मायरन क्रूगर या अमेरिकी कलावंताने ‘व्हिडिओप्लेस’ या प्रयोगात माणसाची केवळ छायाकृती पडद्यावर आणून तिला संगणकनिर्मित आकृत्यांशी खेळविले. सोनी कंपनीच्या ‘आयटॉय’चे (२००३) खेळ मुख्यतः लागोपाठच्या चित्रांतील फरकावर चालत, हालचाल हाताची की पडद्याची, हा भेद अशा गणितास कळत नसे, आणि मंद प्रकाशात ते अडखळे. मायक्रोसॉफ्टच्या ‘किनेक्ट’ने (२०१०) अदृश्य अवरक्त ठिपके टाकून अंतर मोजले व देहाचे २० बिंदू ओळखले. पहिल्या ६० दिवसांत त्याचे सुमारे ८० लाख संच विकले गेले.

२०१३ मध्ये मात्र ‘एक्सबॉक्स वन’ हे नवे यंत्र किनेक्ट जोडल्यावाचून चालणार नाही, असे जाहीर होताच घरातील खाजगीपणाचा प्रश्न उभा राहिला. त्याच वर्षी ती अट मागे घ्यावी लागली. २०१४ मध्ये किनेक्टविरहित स्वस्त संच आला आणि २०१७ मध्ये किनेक्टचे उत्पादन थांबले. यात किमतीचा वाटा होताच. तथापि २०१० मध्ये खेळापुरती आनंदाने स्वीकारलेली दृष्टी तीन वर्षांनी सक्तीची होताच पाळत भासली, ही गोष्ट तांत्रिक प्रगतीच्या हिशेबात मावणारी नाही.