मातीच्या नकाशातून संगमरवरी भारत

काशीच्या घाटांवर मराठी माणसांच्या खुणा जागोजागी आढळतात. दशाश्वमेधाच्या दक्षिणेस अहिल्याबाईंचा घाट आहे आणि त्याला लागूनच नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातील मंत्री श्रीधर मुन्शी यांच्या नावाचा मुन्शी घाट. या पाषाणकार्याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. परंतु महाराष्ट्राने काशीला आणखी एक देणगी दिली आहे. ती मातीची होती आणि एका शिक्षणसंस्थेतून गेली होती.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्यास नेला. तेथे जमिनीवर भारताचा उठावाचा नकाशा घडविलेला होता. ज्यांना घराचा उंबरठा ओलांडणेही दुरापास्त होते, अशा स्त्रियांच्या आश्रमात अवघा देश डोळ्यांपुढे उभा होता. १९१३च्या कराची काँग्रेसहून परतताना काशीचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी तो पाहिला आणि असाच नकाशा संगमरवरात घडविण्याचा ध्यास घेतला. त्यातूनच काशी विद्यापीठाच्या आवारातील भारतमाता मंदिर उभे राहिले. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तेथे मूर्ती नाही. अखंड भारताचा नकाशा हेच तेथील दैवत.

शिल्पकार दुर्गाप्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ इंची ७६२ संगमरवरी तुकडे आणि काही लहान तुकडे जुळवून ही प्रतिकृती सिद्ध केली. लांबी-रुंदीस १ इंचाला ६.४ मैल आणि उंचीस १ इंचाला २,००० फूट असे तिचे प्रमाण आहे. उंची सुमारे सतरापट वाढविल्याचे कारण उघड आहे. दोन्हीकडे एकच प्रमाण ठेवले असते, तर एव्हरेस्ट इंचभरही भरला नसता आणि आपले कळसूबाईचे शिखर अगदीच ठेंगणे राहिले असते. आता एव्हरेस्ट साडेचौदा इंच, तर कळसूबाई पावणेतीन इंच भरते.

अशा कामात कोरण्याइतकेच महत्त्व तुकडा स्थिर राखण्याला असते. सोनार नाजूक दागिना लाखेत रोवून मगच त्यावर हत्यार चालवितो, कारण हललेल्या वस्तूवर कुशल हातही चुकतो. या नकाशात तर डोंगराची एक धार अनेक तुकड्यांवरून जाते. एखादा तुकडा सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग सरकला, तरी पाऊण मैलाहून अधिक अंतर चुकते आणि नदीचा प्रवाह सांध्यावर तुटतो. प्रत्येक तुकडा आपल्या जागी अढळ राहिला, म्हणूनच देश एकसंध दिसतो.

आज प्रकल्पाच्या वहीसाठी तयार प्रतिकृती दुकानात मिळते. वेळ वाचतो, हे खरे. परंतु प्रमाण ठरविणे, भाग तोलून धरणे आणि डिंक वाळेपर्यंत हात न हलविणे हे शिक्षण दुकानात मिळत नाही. दिवाळीत मातीचा किल्ला रचणाऱ्या मुलाला ते सहज मिळते. हिंगण्याचा नकाशा शिकविण्यासाठी केलेला एक साधा प्रयत्न होता. त्यातून काशीत एक राष्ट्रीय स्मारक घडले. म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना या हीरक महोत्सवी वर्षात एवढीच विनंती: मुलांच्या हाताला माती लागू द्या, आणि तुकडा जागी बसेपर्यंत त्यांना उसंत द्या.