चढणीचा हिशेब

कोणत्या व्यायामात सर्वांत जास्त कॅलरी जळतात, हे विचारणाऱ्याला बहुधा एखादा आकडा हवा असतो. आकडे उपलब्ध आहेत, पण ते कशाने भागलेले आहेत हे पाहिल्याशिवाय निवड करता येत नाही. माझ्या मते मावळात राहणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर दारातच मिळते. ते उत्तर म्हणजे चढण. तिथवर मात्र हिशेबाने पोचले पाहिजे.

शरीर ऊर्जा खर्च करते तेव्हा प्राणवायू वापरते. एक लिटर प्राणवायूमागे सुमारे ५ किलोकॅलरी खर्च होतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च दर किलो वजनामागे तासाला साधारण १ किलोकॅलरी असतो. याला एक मेट म्हणतात आणि सारे व्यायाम या मापाने मोजता येतात. हठयोगाची आसने २.५ मेटच्या आसपास, सपाटीवरचे साधे चालणे ३ ते ३.५, ताशी साडेनऊ-दहा किलोमीटर वेगाने धावणे जवळजवळ १०, दोरीवरच्या उड्या ११ ते १२. या उतरंडीमागचे कारण सरळ आहे. मांड्या, नितंब आणि पोटऱ्या हे शरीरातले मोठे स्नायू जितके जास्त वजन जितक्या वेगाने उचलतील तितका प्राणवायू लागतो. हात कितीही जोरात हलवले तरी ते पायांची बरोबरी करू शकत नाहीत.

एक दुरुस्ती इथेच करायला हवी. मनगटावरचे घड्याळ पुष्कळदा एकूण खर्च दाखवते, आणि बसून राहिलो असतो तरी जळालाच असता तो एक मेटही त्यात धरलेला असतो. साठ किलोच्या माणसाने तासभर आसने केली तर एकूण खर्च १५० किलोकॅलरी येतो, पण व्यायामाच्या खाती जमा होतात फक्त ९०.

आता चढण. भोर घाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. तिथली चढण ३७ फुटांमागे १ फूट, म्हणजे शंभराला तीनसुद्धा नाही. तरीही पुण्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. वजन वर उचलण्याची किंमत अशी असते, आणि माणसाच्या पायांनाही तोच नियम लागू आहे. सपाटीवर ताशी ४ किलोमीटर चालायला ३ मेट पुरतात. तोच वेग शंभराला पंधरा या चढावर ठेवला तर खर्च ८ मेटवर जातो, म्हणजे सपाटीवर ताशी सात-साडेसात किलोमीटर धावण्याइतका. धावण्यात प्रत्येक पावलागणिक सांध्यांवर जो दणका बसतो तो मात्र इथे नसतो. ज्याचे वजन जास्त आहे आणि ज्याला धावणे झेपत नाही, त्याच्यासाठी ही फार मोठी सवलत आहे.

लोहगडाचे उदाहरण घेऊ. गडाची उंची सुमारे १०३३ मीटर आहे. मळवलीहून भाजे गावावरून गायमुख खिंडीत आणि तिथून लोहगडवाडीच्या पायऱ्यांनी वर गेले तर सुमारे ४०० मीटरची चढाई होते. साठ किलो वजन इतके वर न्यायला लागणारे निव्वळ यांत्रिक काम ५६ किलोकॅलरी भरते. स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा भागच कामात उतरवतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून प्रत्यक्ष खर्च २२५ किलोकॅलरींच्या घरात जातो, आणि आडव्या चालीचा खर्च वेगळा. लोणावळ्याच्या शेंगदाणा चिक्कीचे पन्नास ग्रॅम तेवढीच ऊर्जा परत देतात. चिक्की खाऊ नये असे मी म्हणणार नाही, पण तिचे माप ठाऊक असावे.

याच लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना शरीरात दाब किती बदलतो, हे त्यांनी उपकरणे लावून मोजले. यौगिक क्रियांचे मोल प्राणवायूच्या वाढीव वापरात शोधू नये, असे त्यांच्या कामातून दिसते. म्हणून आसनांना कॅलरीच्या तराजूत घालून हिणवणे मला अन्यायाचे वाटते. त्यांचे काम वेगळे आहे. सूर्यनमस्कार सावकाश घातले तर तेही ३ ते ४ मेटच्याच आसपास राहतात, वेग वाढवला की आकडा चढतो.

ताशी दरापेक्षा निर्णायक असतो तो काळ. मावळात आषाढात भातलावणी करणारी बाई दिवसभर चिखलात वाकून काम करते. तिच्या कामाचे ३ मेटच धरले तरी आठ तासांत २४ मेट-तास होतात, तर दोरीवरच्या उड्यांची दहा मिनिटे भरतात जेमतेम २. नवख्याला दहा मिनिटेही सलग उड्या मारता येत नाहीत. म्हणजे तक्त्यात पहिला आलेला व्यायाम बहुतेकांच्या आठवड्यात शेवटचा ठरतो. रविवारी गडावर तीन तास घालवले आणि सरासरी ६ मेट धरले, तर साठ किलोच्या माणसाचे १०८० किलोकॅलरी होतात. त्याच तीव्रतेने रोज ४० मिनिटे जवळचा चढ चढला, तर सहा दिवसांत १४४० होतात. किलोभर चरबीत सुमारे ७७०० किलोकॅलरी असतात, हे ध्यानात घेतले की रोजच्या चाळीस मिनिटांचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

राहिला उतार. उतरताना ऊर्जा फार कमी लागते, पण मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा ठणका बराचसा त्यामुळेच असतो. गुडघ्यांनाही उतारच जास्त जाचतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर घसरण्याची भीती वेगळीच.

माझा कौल असा: ज्याच्याकडे दहाच मिनिटे आहेत आणि सांधे धड आहेत, त्याने दोरी घ्यावी. बाकीच्यांनी चढ निवडावा. बोलता येईल पण गाता येणार नाही इतपतच दम लागू द्यावा. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. गुडघे दुखत असतील तर गड पायी चढा आणि लोहगडवाडीपासून खाली येताना गाडी करा.