चलचित्र कोणत्या रूपांत पाठवावें?

बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. माघांतील गणेशजयंती येते तेव्हां तीं फडावर असतात. समजा, लिंबागणेश येथील कोणा तरुणानें भालचंद्राच्या देवळांतील त्या दिवसाचें चलचित्र फोनवर टिपून आपल्या संकेतस्थळावर ठेवलें. दूर कोपींत बसलेल्या त्याच्या चुलत्याच्या हातांत जुना, स्वस्तांतला फोन. तें चित्र तेथें उघडेल काय? या प्रश्नामागें सव्वाशें वर्षांचा इतिहास आहे.

७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं चलचित्रें दाखविण्यांत आलीं. त्यांची फीत आणि अमेरिकेंतील एडिसनची फीत, दोन्ही सुमारें ३५ मिलिमीटर रुंदीच्या. परंतु ल्युमिएर प्रत्येक चित्रामागें दोहों कडांस एकेक वाटोळें भोक पाडीत, एडिसन चार चार चौकोनी. एवढ्या भोकांपायीं एकाची फीत दुसऱ्याच्या यंत्रांत चालत नसे. पुढें जगानें चार भोकांची रीत पत्करली.

संगणकाच्या युगांत भोकें गेलीं, भांडण राहिलें. येथें दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. चित्राचे आंकडे आंवळून बांधण्याची रीत म्हणजे कोडेक, आणि बांधलेले आंकडे ठेवण्याची ती पेटी. एमपी४ ही पेटी, २००३ मध्यें मान्य झालेलें एच.२६४ ही रीत. पेटीचें नांव वाचून आंतला ऐवज उघडेलच असें पुष्कळ लोक धरून चालतात, आणि फसतात.

२००५ मध्यें निघालेलें यूट्यूब प्रथम फ्लॅशवर चाले. २००७ च्या आयफोननें फ्लॅशला थारा दिला नाहीं. वेबच्या नव्या नियमांच्या मसुद्यांत थिओरा हें मुक्त कोडेक सुचविलें होतें. ती शिफारस त्याच वर्षीं डिसेंबरांत वगळण्यांत आली. मे २०१० मध्यें गूगलनें वेबएम सर्वांस खुलें केलें. पेटंटें व परवान्याचे पैसे यांमुळें मोझिला एच.२६४ घेईना, आणि ॲपल तें सोडीना. संकेतस्थळ चालविणारा बिचारा एकच चित्र दोनतीन रूपांत ठेवीत बसे! मोझिलाचा आग्रह तत्त्वाचा होता, व मला तो आजही योग्य वाटतो. परंतु फोनांतील चिपाच एच.२६४ उलगडण्यासाठीं घडविल्या जात होत्या, त्यांपुढें तो टिकला नाहीं. २०१३ मध्यें सिस्को कंपनीनें परवान्याचा खर्च आपल्या अंगावर घेऊन वाट मोकळी केली. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजीं संपला, आणि त्यावर विसंबलेल्या पानांवरचीं चित्रें ब्राउझरांत उघडेनाशीं झालीं.

२०१८ चें एव्ही१ मुक्त आहे, व तेंच चित्र कमी जागेंत बसवितें. पण जुन्या फोनाला तें उलगडतांना धाप लागते. तेव्हां लिंबागणेशच्या तरुणानें तूर्त एमपी४ पेटी, एच.२६४ चित्र व एएसी ध्वनि हाच मार्ग धरावा, आणि चित्राची उंची ७२० बिंदूंहून अधिक ठेवूं नये. कित्येक नवे फोन एचईव्हीसी रीतीनें चित्रण करतात. तें तसेंच चढवूं नये. शिवाय या पेटीची अनुक्रमणिका पुष्कळदां शेवटीं लिहिली जाते. ती प्रारंभीं आणून ठेवली कीं सगळी फाइल उतरण्यापूर्वींच चित्र सुरू होतें. फडावर, जेथें फोनला रेंज जेमतेम मिळते, तेथें याचें मोल फार. मूळ फाइल मात्र पुसूं नये, निराळी जपून ठेवावी. कारण आंवळलेलें चित्र पुन्हां आंवळलें कीं दर खेपेस त्यांतून कांहीं तरी कायमचें गळतें.