विश्लेषण : तरुण बास्केटबॉल संघाला पस्तिशीतला खेळाडू कशासाठी हवा असतो?

अमेरिकेतील ‘एनबीए’ या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये फिनिक्स सन्स हा संघ २०१० नंतर सलग दहा हंगाम बाद फेरीपासून दूर राहिला. २०२०-२१ मध्ये मात्र त्याने थेट अंतिम फेरी गाठली. या बदलाचे बरेचसे श्रेय ३५ वर्षांच्या ख्रिस पॉलला दिले जाते. एका अनुभवी खेळाडूने नेमके काय बदलले?

संघाची अडचण काय होती?

गुणवत्ता होती, विजय नव्हते. २०१८-१९ मध्ये सन्सने ८२ पैकी अवघे १९ सामने जिंकले. पुढच्या हंगामात प्रशिक्षक मॉन्टी विल्यम्स आले आणि खेळ सुधारला, तरी बाद फेरी हुकलीच. नोव्हेंबर २०२० मध्ये पॉल संघात आला तेव्हा डेव्हिन बुकर आणि मिकाल ब्रिजेस २४ वर्षांचे, तर डिआंड्रे एटन २२ वर्षांचा होता.

पॉलने काय केले?

पॉल ‘पॉइंट गार्ड’, म्हणजे संघाच्या चाली रचणारा खेळाडू. अटीतटीच्या सामन्यात शेवटच्या काही मिनिटांत तरुण खेळाडू घाई करतात आणि चेंडू गमावतात. अनुभवी खेळाडू तिथे वेग कमी करतो, २४ सेकंदांची मुदत पुरेपूर वापरतो आणि बचावातील कच्चा दुवा शोधतो. चेंडू खेळवण्याचा भार वाटला गेल्याने बुकरला गुण मिळवण्याकडे लक्ष देता आले. एटनला बास्केटजवळ नेमके पास मिळू लागले. सन्सने ७२ पैकी ५१ सामने जिंकले.

तो नसताना काय झाले?

खरी परीक्षा इथेच होती. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत लॉस एंजेलिस क्लिपर्सविरुद्धचे पहिले दोन सामने करोना नियमांमुळे पॉलला खेळता आले नाहीत. सन्सने दोन्ही जिंकले. पहिल्यात बुकरने ४० गुण मिळवले. दुसऱ्यात एका गुणाने पिछाडी होती आणि ०.९ सेकंद उरला होता. जे क्राऊडरने सीमारेषेबाहेरून बास्केटजवळ चेंडू उंच फेकला आणि एटनने तो हवेतच झेलून आत घातला. हा ३० वर्षांचा क्राऊडर आदल्याच वर्षी मायामी हीटकडून अंतिम फेरी खेळून आला होता.

मग विजेतेपद का नाही?

अनुभवालाही मर्यादा असतात. अंतिम फेरीत २-० अशा आघाडीनंतर सन्स मिलवॉकी बक्सकडून ४-२ असे हरले. पुढच्या हंगामात विक्रमी ६४ विजय मिळवूनही डॅलसविरुद्धच्या मालिकेतील निर्णायक सातवा सामना त्यांनी घरच्या मैदानावर ३३ गुणांनी गमावला. वय वाढते तसे शरीर थकते, दुखापती वाढतात. त्यामुळे अशा खेळाडूचे मोल केवळ त्याच्या गुणांवरून ठरत नाही. तो बाकावर असताना तरुण खेळाडू किती शांतपणे खेळतात, हेही पाहावे लागते.