फॅन्टसी गेममधली पत: माझं पहिलं प्रकरण का मोडलं

इतिहासाशी संबंधित विषय घेतलात, तर ‘साध्याकडून गुंतागुंतीकडे’ असा आराखडा आखायचा मोह तुम्हालाही होईल. मला झाला होता. रोलप्लेइंग गेममधल्या राज्यांना, व्यापारी संघांना, चोरांच्या टोळ्यांना खेळाडूबद्दल काय वाटतं आणि गेम ते कसं मोजतो, हा माझा विषय. या मोजमापाला मी ‘पत’ म्हणतो. आधी ढोबळ मोजणी, मग टप्प्याटप्प्यानं सुधारणा, असं पहिलं प्रकरण लिहूनही झालं होतं. मग गेमच्या तारखा ओळीनं मांडल्या आणि सगळं बाद झालं.

सुरुवात सरळ होती. १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये कायदा, तटस्थता आणि अराजक अशा तीन बाजू होत्या, आणि भेटलेला प्राणी तुमच्याशी कसा वागेल हे बऱ्याचदा दोन फासे ठरवायचे. १९८५ च्या ‘अल्टिमा ४’मध्ये जादूची सामग्री विकणारी माणसं आंधळी आहेत. किती पैसे द्यायचे ते तुम्हीच सांगायचं. कमी दिलेत तर कुणी ओरडत नाही, पण गेम आतल्या आत तुमचा प्रामाणिकपणा कमी करतो. मी याला ‘पतीचा उगम’ म्हटलं होतं. चूक! ही पत नाही, हे पाप-पुण्य आहे. पत असायला दुसऱ्या कुणाला तरी कळावं लागतं.

खरा घोळ झाला १९९६ च्या ‘डॅगरफॉल’पाशी. तिथे एका गटाचं काम केलंत की त्याच्या मित्रगटांचं मत सुधारतं आणि शत्रूंचं बिघडतं. सामान्य लोक, व्यापारी, विद्वान, सरदार आणि गुन्हेगारी जग, प्रत्येकाचं मत वेगळं. कायद्यापुढची पत प्रत्येक प्रदेशात निराळी. शिवाय बराच काळ गेला की ही मतं हळूहळू शून्याकडे सरकतात, म्हणजे लोक विसरतात. आणि आठ वर्षांनी, २००४ मध्ये, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ येतो तो आठ पायऱ्यांची शिडी घेऊन! तटस्थ ते सर्वोच्च पायरी, ४२,००० गुण. २००८ पासून तर एखाद्या गटाचा झगा अंगावर चढवून ठरावीक मोहिमा केल्या, की त्या गटाकडे गुण जमा. ज्यांना मारलं त्यांचा त्या गटाशी संबंध असो वा नसो.

ही अधोगती आहे का? काही महिने मी तसंच मानत होतो. पण ‘डॅगरफॉल’ एकट्यानं खेळायचा गेम, तिथे हिशेब पडद्याआड राहिला तरी चालतो. ‘वॉरक्राफ्ट’मध्ये हजारो लोक एकत्र खेळतात आणि महिन्याची वर्गणी भरतात. तिथे पत म्हणजे रोज थोडं थोडं करायचं काम आणि त्याची मजुरी, आणि मजुरीचा आकडा दिसायलाच हवा.

२०१० चा ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ फॅन्टसी नव्हे, अणुयुद्धानंतरचं वाळवंट आहे, पण तो टाळता येत नाही. तिथे नावलौकिक आणि बदनामी यांची खाती वेगळी. दहा चांगली कामं केलीत म्हणून जुना खून पुसला जात नाही. (गावात असंच असतं, नाही का?) तरीही कथेच्या मध्यावर दोन्ही बलाढ्य पक्ष तुमची बदनामी एका झटक्यात माफ करतात, कारण त्यांना तुमची गरज पडते.

पत कशी चालावी, असं मला कुणी विचारलं तर मी या माफीकडे बोट दाखवतो. कुणी पाहिलं, कुणी कुणाला सांगितलं आणि ऐकणाऱ्याला तुमचा काय उपयोग आहे, यावर पत हलावी. तुम्ही टोळीचा माणूस बंद खोलीत मारलात, तर बातमी बाहेर पडेपर्यंत टोळीनं तुम्हाला जेवूच घालावं.

नव्या आराखड्यात वर्षांचा क्रम नाही. प्रत्येक गेमपुढे एकच प्रश्न आहे: इथे पत मोजून कुणाला काय मिळवायचं होतं? ‘डॅगरफॉल’पुढचा रकाना अजून रिकामाच आहे.