मेंदूला इजा झालेल्या मुलांचे पुनर्वसन (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

जन्मावेळी किंवा जन्मानंतर मेंदूला हानी पोहोचलेल्या बालकाची हालचाल, वाचा, आकलन, वर्तन आणि शिक्षण यांसाठी जे दीर्घकालीन उपचार व साहाय्य केले जाते, त्यास मेंदूला इजा झालेल्या मुलांचे पुनर्वसन असे म्हणतात. ठाणे शहर व कल्याण-डोंबिवली या परिसरात हे साहाय्य एका छताखाली क्वचितच मिळते. शस्त्रक्रिया एका रुग्णालयात, व्यायाम दुसऱ्या केंद्रात, बुद्धिमापन तिसऱ्या ठिकाणी आणि प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयात अशी त्याची विभागणी असते. हे तुकडे जोडण्याचे काम प्रत्यक्षात पालकांनाच करावे लागते.

इजेचे स्वरूप

मेंदूच्या इजेचे दोन ढोबळ प्रकार मानले जातात. पहिल्यात गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा जन्मानंतर लगेच झालेली हानी येते. प्राणवायू कमी पडणे, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, नवजात बालकाची तीव्र कावीळ ही त्याची परिचित कारणे होत. अशा हानीतून हालचालीवर कायमचा परिणाम झाल्यास त्या अवस्थेला सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात) म्हणतात. दुसरा प्रकार अर्जित इजेचा. निरोगी वाढत असलेल्या मुलाला अपघात, उंचावरून पडणे, मेंदूज्वर, क्षयजन्य मेंदूज्वर, पाण्यात बुडून प्राणवायू तुटणे किंवा मेंदूतील रक्तस्राव यांमुळे ती होते. दाट वस्तीच्या शहरांत गच्ची, जाळी नसलेली खिडकी आणि दुचाकीवरचे विनाशिरस्त्राण मूल हे अपघाताचे नेहमीचे प्रसंग आहेत.

आघाताची तीव्रता ठरविण्यासाठी ग्लासगो कोमा मापनश्रेणी वापरतात. ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनी ती १९७४ साली मांडली. डोळे उघडणे, बोलणे व हालचाल या तीन बाबींवरून ३ ते १५ गुण दिले जातात. ८ किंवा त्याहून कमी गुण गंभीर इजा, ९ ते १२ मध्यम आणि १३ ते १५ सौम्य इजा दर्शवितात. लहान मुलांसाठी तिचे वेगळे रूप आहे. डिस्चार्ज कार्डावर हे गुण नोंदविलेले असतात. पुढे कोणत्याही तज्ज्ञाकडे गेल्यास ते प्रथम विचारले जात असल्याने हे कार्ड व पहिल्या सीटी स्कॅनची प्रत जपून ठेवणे आवश्यक ठरते.

प्राणवायू कमी पडलेल्या नवजात बालकाचे शरीर ७२ तास थंड ठेवण्याची उपचारपद्धती श्रीमंत देशांत रूढ आहे. भारत, श्रीलंका व बांगलादेशातील रुग्णालयांत झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यांत या पद्धतीने मृत्यू किंवा अपंगत्व घटल्याचे दिसले नाही, उलट मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले. परदेशी माहितीपत्रके वाचून ‘तो उपचार आपल्या बाळाला का दिला नाही’ असा सल बाळगणाऱ्या पालकांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

उशिरा उघड होणारी हानी

लहान मुलाचा मेंदू लवचिक असल्याने इजा लवकर झाली तर ती चांगली भरून निघते, अशी समजूत दीर्घकाळ होती. मार्गारेट केनार्ड यांनी १९३० च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांचा तिला आधार दिला जाई. हालचालींच्या बाबतीत तीत तथ्य असले तरी लक्ष, नियोजन, संयम व नवीन शिकणे यांबाबत नंतरच्या अभ्यासांनी वेगळे चित्र दाखविले. फार लहान वयात झालेल्या व्यापक इजेचे परिणाम पुष्कळदा अधिक गंभीर असतात, आणि ते त्या त्या क्षमतेची गरज निर्माण झाल्यावरच दिसू लागतात.

कपाळामागील मेंदूचा भाग सर्वांत शेवटी, तारुण्यापर्यंत विकसित होत राहतो. चौथ्या वर्षी त्या भागाला इजा झालेले मूल घरी चालत येते, बोलते, ओळखीच्या माणसांकडे हसून पाहते. कुटुंबाला ते पूर्ण बरे झाल्यासारखे वाटते. तिसरी-चौथीत फळ्यावरचे उतरविणे, दोन सूचना एकत्र लक्षात ठेवणे, राग आवरणे या गोष्टींची वेळ येते तेव्हा अडचण उघड होते. तोपर्यंत अपघात जुना झालेला असतो. शाळा मुलाला आळशी किंवा व्रात्य ठरविते, आणि पालकही जुन्या इजेशी त्याचा संबंध जोडत नाहीत. यास्तव मूल बरे दिसत असले तरी शाळाप्रवेशाच्या वेळी व पुढे काही वर्षांच्या अंतराने त्याची मज्जामानसशास्त्रीय तपासणी करून घ्यावी, असे तज्ज्ञ सांगतात.

तज्ज्ञ व त्यांची नोंदणी

हात-पाय आखडू नयेत, तोल सांभाळता यावा यासाठी फिजिओथेरपिस्ट काम करतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट जेवणे, बटण लावणे, लिहिणे यांसारखी दैनंदिन कौशल्ये परत शिकवितात. वाचा-उपचारतज्ज्ञाकडे बोलण्याबरोबरच गिळण्याच्या अडचणीचेही उपचार होतात. हे पालकांना पुष्कळदा ठाऊक नसते, आणि घास श्वासनलिकेत जाऊन होणाऱ्या न्यूमोनियाचे मूळ लक्षात येत नाही. आकडी येत असल्यास बालमज्जाविकारतज्ज्ञ, तर आकलन व वर्तनासाठी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक लागतात.

वाचा-उपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व विशेष शिक्षक यांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. फिजिओथेरपिस्ट व ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्यासाठी महाराष्ट्रात स्वतंत्र राज्य परिषद आहे. स्थानकालगतच्या इमारतींत ‘चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर’ अशा पाट्या अनेक दिसतात. तेथील व्यक्तीचा नोंदणी क्रमांक विचारणे ही पालकाच्या हातातील सर्वांत सोपी पडताळणी होय. मेंदूच्या मृत पेशी पूर्ववत करण्याचा दावा करून महागडी इंजेक्शने सुचविणाऱ्यांपासून सावध राहणे इष्ट.

ऑक्युपेशनल थेरपीचे भारतातील पहिले विद्यालय १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. ते सुरू करणाऱ्या कमला निंबकर या जन्माने अमेरिकन होत्या व विवाहानंतर महाराष्ट्रात स्थायिक झाल्या होत्या.

परिसरातील व मुंबईतील सुविधा

ठाणे महानगरपालिकेचे कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. जिल्हा सामान्य रुग्णालय ठाणे शहरात असून लोक त्याला ‘सिव्हिल’ म्हणतात. कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय व डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची प्रमुख रुग्णालये होत. खाजगी बालमज्जाविकारतज्ज्ञ व थेरपी केंद्रे दोन्ही शहरांत आहेत, परंतु आठवड्यातून तीन-चार सत्रे वर्षानुवर्षे घ्यावयाची असल्याने खर्चाचा भार मोठा असतो. यामुळे अनेक कुटुंबे मुंबईतील सार्वजनिक संस्थांकडे वळतात.

त्यांत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय, परळचे केईएम व वाडिया बालरुग्णालय, हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था (स्थापना १९५५) आणि वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था (स्थापना १९८३) यांचा समावेश होतो. नकाशावर ही ठिकाणे जवळ दिसतात. कल्याणहून मात्र शीवला जलद लोकल थांबत नाही, म्हणून धिमी लोकल धरावी लागते किंवा कुर्ल्याला बदलावी लागते. हाजी अली व वांद्र्यासाठी दादरचा पूल ओलांडून पश्चिम रेल्वेवर जावे लागते. मान न सावरणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन हा प्रवास करणे हा उपचाराचाच एक भाग होऊन बसतो. दिव्यांगांसाठी राखीव डबा व सवलतीचा पास यांचा उपयोग होतो, परंतु सवलतीसाठी आधी प्रमाणपत्र लागते. सकाळी दहाची वेळ मिळाल्यास गर्दीच्या लोकलला पर्याय नसतो. दुपारची वेळ मागून घेणे हा त्यावर पालकांनी काढलेला व्यवहार्य उपाय आहे.

शोधातून उभी राहिलेली संस्था

आपल्या मुलासाठी साहाय्य शोधताना पालकाने संस्थाच उभी केल्याचे मुंबईतील ठळक उदाहरण मिठू अलूर यांचे आहे. त्यांची कन्या मालिनी चिब हिला १९६६ साली जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडल्याने सेरेब्रल पाल्सी झाली. भारतात योग्य मार्गदर्शन न मिळाल्याने कुटुंब इंग्लंडला गेले. परतल्यावर अलूर यांनी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. कुलाब्यात सुरू झालेल्या तिच्या शाळेत शिक्षण आणि थेरपी एकत्र दिली जाई. हीच संस्था पुढे ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मालिनी यांनी सेंट झेविअर्स महाविद्यालयातून पदवी घेतली, लंडनमध्ये उच्च शिक्षण पूर्ण केले आणि एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. इंग्लंडला जाणे बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचे होते. या उदाहरणाचे महत्त्व आहे ते परतल्यानंतर इतरांच्या मुलांसाठी दार उघडे झाले यात.

ठाणे महानगरपालिका विशेष मुलांसाठी ‘जिद्द’ ही शाळा चालविते. डोंबिवलीत ‘अस्तित्व’ ही विशेष मुलांची शाळा आहे. या शाळांची रचना प्रामुख्याने बौद्धिक अक्षमता डोळ्यांसमोर ठेवून झालेली असल्याने, बुद्धी शाबूत पण स्मरण व लक्ष विस्कळीत झालेल्या मुलाला त्या पुरेशा जुळत नाहीत, आणि सामान्य शाळेत त्याला साहाय्य मिळत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम

जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीचा हा राष्ट्रीय कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे सुरू झाला. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होते. स्वतंत्र पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शाळांत एकदा तपासणी करतात, आणि विकासात मागे पडलेल्या बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविणे अपेक्षित असते. तपासणी सरकारी व अनुदानित शाळांपुरती आहे. खाजगी विनाअनुदानित शाळांत शिकणारी शहरी मुले या जाळ्याबाहेर राहतात, त्यामुळे त्यांच्या पालकांना केंद्राशी स्वतः संपर्क साधावा लागतो.

कायदा व प्रमाणपत्राची अडचण

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत २१ प्रकारची अपंगत्वे आहेत. सेरेब्रल पाल्सी तीत आहे. अपघात किंवा मेंदूज्वरातून झालेली मेंदूची इजा हा प्रकार मात्र स्वतंत्रपणे नाही. अशा मुलाचे प्रमाणपत्र चलनविषयक अपंगत्व, वाचा-दोष, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता यांपैकी लागू पडेल त्या शीर्षाखाली मागावे लागते. अर्ज यूडीआयडी संकेतस्थळावर करावयाचा असून तपासणी सरकारी रुग्णालयात होते. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व आवश्यक असते.

खरी अडचण येथे उद्भवते. बुद्धिमापनासाठी महाराष्ट्रात बिने-कामत चाचणी बरीच वापरली जाते. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ साली मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी तिचे रूपांतर केले. व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनश्रेणीचे भारतीय रूपांतरही महाराष्ट्रातलेच, नागपूरचे मॅलिन यांचे. इजेपूर्वी मिळविलेले शब्दज्ञान व सामान्यज्ञान अशा चाचण्यांत टिकून दिसते, तर नियोजन व संयम यांतील तूट फारशी मोजली जात नाही. २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक परिपक्वतेचे ७० ते ८४ गुण म्हणजे २५ टक्के अपंगत्व असे कोष्टक होते. म्हणजे ७२ गुण मिळालेले मूल वर्गात बसू शकत नसले तरी ४० टक्क्यांच्या रेषेखाली राहते. हातापायांतील दुर्बलता, वाचेतील दोष व आकलन यांचे एकत्रित मूल्यमापन करण्याची लेखी विनंती तपासणीच्या वेळीच केल्यास काही मुलांच्या बाबतीत चित्र बदलते. शाळेच्या शिक्षकाने वर्तनाविषयी लिहिलेले पत्र व मज्जामानसशास्त्रीय अहवाल सोबत असणे उपयुक्त ठरते.

४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत वाढीव वेळ व लेखनिक मिळतो. आयकर कायद्यातील कलम ८०डीडीनुसार, जुनी करप्रणाली निवडणाऱ्या पालकाला ७५,००० रुपयांची, तर ८० टक्के वा अधिक अपंगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळत आली आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाचा असतो. त्यातून चालणाऱ्या योजनांची चौकशी संबंधित महानगरपालिकेच्या मुख्यालयात करता येते.

अठरा वर्षांनंतर

राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ हा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांना लागू आहे. त्याखालील ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते. त्यात नियमित थेरपीचा खर्चही येतो आणि पूर्ववैद्यकीय तपासणीची अट नाही. येथेही प्रमाणपत्रावरील शीर्षच निर्णायक ठरते. केवळ चलनविषयक अपंगत्व नोंदविलेल्या मुलाला ही योजना मिळत नाही.

मूल १८ वर्षांचे झाल्यावर आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. बँक खाते, मालमत्ता व संमतीचे व्यवहार यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. ठाणे, कल्याण व डोंबिवलीतील रहिवाशांसाठी ही समिती ठाणे जिल्हाधिकारी कार्यालयात आहे. आई-वडिलांनंतरच्या निवासाचा प्रश्न घेऊन १९९० च्या दशकात माधवराव गोरे व इतर पालकांनी बदलापूर येथे ‘आधार’ ही संस्था उभारली. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांचे निवासी केंद्र ती चालविते.