गुंग महाल आणि भाषेचा उगम : एक ऐतिहासिक टिपण

भाषा माणसाला जन्मतः लाभते की संगतीने, हा प्रश्न सोडविण्यासाठी आपल्या देशात एकदा प्रत्यक्ष प्रयोग झाला होता. सम्राट अकबराने फतेहपूर सीक्रीजवळ वस्तीपासून दूर एक घर बांधविले आणि त्यात तान्ही मुले ठेविली. दायांनी मुलांचे संगोपन करावे, परंतु त्यांच्यासमोर एक शब्दही उच्चारू नये, असा सक्त हुकूम होता. हे घर ‘गुंग महाल’ म्हणून ओळखले जाऊ लागले. फारसीत ‘गुंग’ म्हणजे मुका.

या प्रयोगाची हकीकत दोन समकालीन इतिहासकारांनी नोंदविली आहे. अबुल फजलच्या ‘अकबरनामा’नुसार वाणी ही श्रवणातून येते असे बादशहाचे मत होते, आणि ते न मानणाऱ्यांची खात्री पटविण्यासाठी हा खटाटोप झाला. चार वर्षांनी, 1582 मध्ये, बादशहा तेथे गेला तेव्हा मुक्यांच्या आवाजापलीकडे काही ऐकू आले नाही. बदायुनीच्या ‘मुन्तखबुत्तवारीख’मध्ये मुलांची संख्या सुमारे वीस दिली आहे. ही मुले कोणती भाषा बोलतील व कोणत्या धर्माकडे वळतील हे पाहावयाचे होते, असे तो म्हणतो. मुले मुकी निघाली आणि त्यांतील काही दगावली, हेही तोच सांगतो. अबुल फजल दरबाराचा स्तुतिपाठक, तर बदायुनी बादशहाच्या धर्मविचारांचा कडवा विरोधक. हेतूविषयी दोघांत मतभेद आहे, पण निष्कर्षाविषयी नाही. म्हणून हा निष्कर्ष विश्वसनीय मानावा लागतो. मृत मुलांची नोंद मात्र विरोधकाच्याच लेखणीतून आली, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

हा वाद अकबराच्या आधीपासून चालत आला होता. दहाव्या शतकात इब्न फारिसने भाषा ही ईश्वरदत्त आहे, म्हणजे ‘तौकीफ’ आहे, असे प्रतिपादन केले. त्याचा समकालीन इब्न जिन्नी याने ‘अल्-खसाइस’मध्ये दुसऱ्या पक्षाचीही चर्चा केली : भाषा ही ‘इस्तिलाह’, म्हणजे माणसांनी आपसांत केलेला ठराव आहे. ‘इस्तिलाह’ आणि ‘सुलह’ यांचा धातू एकच. हैदराबादेत हा शब्द पुढे वेगळ्या अर्थाने घरोघरी पोहोचला. उस्मानिया विद्यापीठासाठी 1917 मध्ये दारुत्तर्जुमा स्थापन झाले आणि विज्ञानाच्या ‘इस्तिलाहात’, म्हणजे परिभाषा, समित्यांत वाद घालून ठरविल्या जाऊ लागल्या. वहीदुद्दीन सलीम यांचा ‘वज्अ-ए-इस्तिलाहात’ हा ग्रंथ याच मंथनातून आला. शब्द माणसांच्या संमतीने कसा जन्मतो, हे आपल्या शहराने डोळ्यांदेखत पाहिले आहे.

विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी गुंग महालाचा प्रयोग उलटा करून पाहिला. मानवी मुलाला संगतीपासून तोडण्याऐवजी त्यांनी वानराला मानवी संगतीत ठेविले. 1931 मध्ये केलॉग दांपत्याने गुआ ही चिंपांझी आपल्या मुलाबरोबर नऊ महिने वाढविली. ती एक शब्दही बोलली नाही. उलट मुलगाच तिचे आवाज काढू लागला. 1966 पासून गार्डनर दांपत्याने वाशो या चिंपांझीला हातांच्या खुणा शिकविल्या. तिने शंभरावर आत्मसात केल्या. पुढे 1979 मध्ये हर्बर्ट टेरेस यांनी दाखविले की, निम या चिंपांझीच्या खुणा बहुतांशी शिक्षकांचे अनुकरण होत्या.

यानंतरचे महत्त्वाचे उदाहरण कांझी या बोनोबोचे (1980–2025). त्याच्या पालक मातेला चिन्हफलक शिकविला जात असता हा शेजारी खेळत होता आणि पाहूनच शिकला. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 660 बोली सूचनांपैकी 72 टक्के त्याने बरोबर पाळल्या. तथापि त्याचे स्वतःचे संदेश मुख्यतः मागण्यांचे होते. ‘ते बघ’ असे निव्वळ दुसऱ्याला दाखविण्यासाठी सांगणे मानवी मूल वर्षाच्या आसपास सुरू करते; वानरांत ते क्वचितच आढळते.

म्हणजे संगत असूनही वानराची गाडी मागणीपाशी अडली आणि संगतीवाचून मानवी मूल मुके राहिले. सांगण्याची ओढ आणि ऐकून उत्तर देणारा माणूस, दोन्ही लागतात. निकाराग्वात 1970 च्या दशकाच्या अखेरीस कर्णबधिर मुले शाळेत एकत्र आली. त्यांना कोणी खुणांची भाषा शिकविली नव्हती. तरी काही वर्षांतच त्यांनी आपसांत व्याकरणासह नवी भाषा घडविली. ‘इस्तिलाह’चा याहून चांगला पुरावा कोणता? गुंग महालातील मुले हातांनी काही बोलत होती काय, याची नोंद आपल्या दोन्ही इतिहासकारांनी केलेली नाही. त्यांनी फक्त जिभेकडे लक्ष दिले.

आपल्या वर्गांत घरी दखनी किंवा मराठी बोलणारी मुले इंग्रजी व्याख्यानासमोर गप्प बसतात आणि आपण त्यांना ‘कच्ची’ ठरवितो. गुंग महालाचा इतिहास आपल्याला आधी दुसरे काही तपासावयास सांगतो : ज्या भाषेत त्यांना सांगता येते, त्या भाषेत उत्तर देणारे कोणी तेथे आहे काय?